एकशे एक डॉलरची ओवाळणी

वड्यांचं पीठ सैल झालं होतं, आणि ते सैल झालंय हे सांगायला विनीता नव्हती.

राधिकाने तेलात सोडलेला वडा पसरला. झारा तसाच हातात धरून तिने सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, आई यात अजून काय घालायच्या?"

हेमचंद्र स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. इतकी वर्षं हे वडे खाल्ले, पण विचारलं कधी नाही. "मला फक्त खायचं माहीत होतं," ते म्हणाले.

"तांदळाची पिठी घाल थोडी," बाहेरून मीनलचा आवाज आला. "आणि हातावर थाप. वहिनी हातावरच थापायच्या."

मीनल ही हेमचंद्रांच्या धाकट्या भावाची, विवेकची बायको. विनीता होती तोवर दोघी जावांचं फारसं जमत नव्हतं. गेल्या वर्षभरात मात्र 'वहिनी असं करायच्या' हे सगळ्यात जास्त वेळा मीनलच म्हणत होती.

विनीताचं वर्षश्राद्ध होतं. प्रबोध गुरुजी सकाळीच येऊन पिंडदान वगैरे उरकून गेले होते. एरवी ते एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतात, त्यामुळे रविवारी त्यांना एकापाठोपाठ एक घरं असतात. जाताना बूट घालत ते म्हणाले, "काका, वर्ष पुरं झालं. आता सणवार सुरू करायला हरकत नाही." हेमचंद्रांनी मान हलवली. सणवार पुन्हा सुरू करायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्यांना उमगलं नव्हतं.

कावळ्याचं पान बाल्कनीत ठेवलं होतं, पण कठड्याच्या आत. सिंगापुरात रानपाखराला मूठभर भात घालणं हा गुन्हा आहे. सासूबाईंच्या श्राद्धाला विनीता दर वर्षी पान आत ठेवायची आणि म्हणायची, "त्यांना म्हणावं, कायदा आहे, आत येऊन जेवा." कावळा कधी आला नाही. एकदा साळुंकी आली होती, ती सासूबाईंसारखीच तिरकी मान करून बघत होती, असं विनीताचं म्हणणं.

मरीन परेडच्या या घरातून समुद्र दिसतो आणि समुद्रावर बंदरात शिरायची वाट बघत उभी असलेली जहाजं. हेमचंद्रांनी सगळी नोकरी तुआसला जहाजदुरुस्तीत काढली. तरीही एवढं लोखंड पाण्यावर तरंगतं, याचं नवल त्यांना अजून वाटायचं. गेल्या महिन्यापासून मात्र त्यांना दुसऱ्याच एका गोष्टीचं नवल वाटत होतं, आणि ती गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती.

"अवनी, पुन्हा लावू नकोस ते," हेमचंद्रांचा मुलगा तन्मय सोफ्यावरून म्हणाला.

"आजोबांनीच मागितलं," अवनीने फोन आजोबांपुढे धरला. "पप्पा, तुझा ऑफिसवाला फोटो घेतलाय. सो अग्ली, लाह."

फोनवर अमेरिकेतल्या टीव्हीवर चाललेली जाहिरात होती. आधी सिंगापूरच्या उंच इमारती, काळ्यापांढऱ्या रंगात, जणू इथे कधी ऊनच पडत नाही. मग तन्मयचा फोटो. मग गार्गीचा, तोंड अर्धवट उघडलेला. एक जाड आवाज विचारत होता: परदेशातला पैसा कुणाला विकत घ्यायला निघालाय? गार्गी सबनीस आपल्यापासून काय लपवतेय? शेवटी बारीक अक्षरात जाहिरात देणाऱ्या संस्थेचं नाव होतं. पोर्चलाइट फॅमिलीज.

"म्हणजे ओट्यावरचा दिवा," हेमचंद्र म्हणाले. "नाव किती घरगुती आहे."

गार्गी त्यांची धाकटी लेक. शिकायला अमेरिकेला गेली, तिथेच तिने लग्न केलं, तिकडची नागरिक झाली, आणि आता तिथल्या संसदेच्या एका जागेसाठी उभी होती. खरी निवडणूक नोव्हेंबरात. पण त्याआधी पक्षाचा उमेदवार कोण, हे ठरवायलाही तिथे लोकच मत देतात. गार्गीच्या भागात दुसऱ्या पक्षाला कुणी विचारत नाही, त्यामुळे ही घरातली निवडणूक जिंकली की जागा जिंकल्यासारखीच. ती नऊ दिवसांवर आली होती.

आणि या घरातल्या निवडणुकीत बाहेरचा पैसा पुरासारखा शिरला होता. पोर्चलाइट ही विमा कंपन्यांच्या गटाची संस्था. गार्गीचं एकच मोठं वचन होतं: डॉक्टरांनी उपचार सांगितला की विमा कंपनीने एका दिवसात हो किंवा नाही म्हणायचं, उत्तर आलं नाही तर ते 'हो' धरायचं. पण पोर्चलाइटच्या एकाही जाहिरातीत विम्याचा शब्द नव्हता. असायच्या त्या चोऱ्या, गुन्हे, आणि आता परदेशातला पैसा. या एका जागेवर त्यांनी चाळीस लाख डॉलर ओतले होते. त्याला तिथे मर्यादा नाही आणि तो कायदेशीर आहे.

तन्मयचे एकशे एक डॉलर मात्र बेकायदेशीर होते; परक्या देशाच्या नागरिकाने तिथल्या उमेदवाराला पैसे द्यायचे नाहीत.

विनीता गेली त्या वर्षी घरात दिवाळी नव्हती, म्हणून भाऊबीजही नव्हती. पण लहानपणापासून तन्मयने बहिणीची ओवाळणी कधी चुकवली नव्हती. ती पहिली नोकरी लागल्यावरची असो, की ती परदेशी गेल्यानंतर बँकेतून पाठवलेली. सण करायचा नाही आणि ओवाळणी चुकवायची नाही, यातून त्याने वाट काढली. गार्गीच्या प्रचाराच्या वेबसाइटवर जाऊन देणगीचं बटण दाबलं. शंभर आणि वर एक. 'मी अमेरिकेचा नागरिक आहे' अशा चौकटीवर त्याने खूण केली, जशी आपण सगळेच न वाचता करतो. गार्गीच्या माणसांच्या लक्षात आल्यावर त्यांनी पैसे परत पाठवले आणि नियमाप्रमाणे तसं जाहीरही केलं. शेकडो देणग्यांत ती एकशे एकची विचित्र रक्कम कुणाच्या तरी डोळ्यांत भरली. त्यानंतर ही जाहिरात आली.

तन्मय इथल्या एका गुंतवणूक फंडात काम करायचा. जाहिरात बाहेर आल्यावर ऑफिसने त्याला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं.

विवेक उशिराच आला. तांजोंग पगारच्या बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी रविवारीसुद्धा तो इस्त्रीच्या शर्टात असायचा. त्याने विनीताच्या फोटोला नमस्कार केला, थोडा वेळ उभा राहिला आणि मग हेमचंद्रांच्या शेजारी येऊन बसला.

"अण्णा, एक बोलायचंय. आज बोलावं की नाही, कळत नव्हतं. पण नंतर वेळ नाही."

"बोल."

"आमच्या बँकेतला अनीश आठवतो? आता विमा कंपनीत आहे. त्यांची मूळ कंपनी अमेरिकेतली. परवा त्याने मला जेवायला बोलावलं. हॉकर सेंटरच्या ठेल्यावरच, फिश सूप खायला. इकडचं तिकडचं झालं, आणि मग हळूच म्हणाला, ही जाहिरात थांबू शकते."

तन्मय सोफ्यावरून उठून बसला. "कशी?"

"गार्गीने फक्त एवढं म्हणायचं. एका दिवसात नाही, योग्य वेळेत. कंपन्यांनी योग्य वेळेत उत्तर द्यावं, असं एखाद्या भाषणात म्हणायचं, बस्स. कुणी काही लिहून मागत नाही. दुसऱ्या दिवशी जाहिरात बंद. नोव्हेंबरातही ते आड येणार नाहीत."

"योग्य म्हणजे किती?" राधिकाने दारातून विचारलं. तिच्या हाताला पीठ होतं.

"अगं, ते नंतर बघता येईल. आधी निवडून तर येऊ दे पोरीला."

"काका, हे 'ते' म्हणजे कोण?"

"राधिका, तू शाळेत शिकवतेस ना, तसं प्रत्येक वाक्याला कोण-कधी-किती विचारू नकोस."

"मुलांना तेच तर शिकवते."

"विवेकभावजी बरोबर बोलतायत," मीनल म्हणाली. चारचौघांत ती नवऱ्याला भावजी म्हणायची, ते तिने विनीताकडून उचललं होतं, आणि त्यावर सगळे हसायचे. आज कुणी हसलं नाही. "पोर वर्षभर उन्हातान्हात दारोदार फिरतेय. एक शब्द इकडचा तिकडे केला तर काय बिघडलं? आपण घरात करत नाही का?"

"बाबा," तन्मय म्हणाला. "ती माझं ऐकणार नाही. काकांचंही नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही सांगा तिला."

सगळ्यांनी हेमचंद्रांकडे पाहिलं. अशा वेळी त्यांची नजर आपोआप स्वयंपाकघराच्या दाराकडे जायची. आत्ताही गेली. दारात राधिका होती, पिठाचे हात अधांतरी धरून.

लेक निवडून यावी असं कुठल्या बापाला वाटत नाही? आणि मुलाचा चेहरा असा टीव्हीवर चोरासारखा दाखवलेला कुठला बाप बघू शकतो? एक शब्द. त्यांना तो उच्चारायलाही सोपा वाटला. योग्य वेळेत.

पण तो एक दिवस कुठून आला, हेही त्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी विनीता गार्गीकडे गेली आणि तिथेच आजारी पडली. दवाखान्यात डॉक्टर तयार होते, खोली तयार होती. फक्त विमा कंपनीचा होकार यायचा होता. गार्गी फोन कानाला लावून बसली, आणि फोनवर तेच ते संगीत वाजत राहिलं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. विनीता खाटेवर पडल्यापडल्या म्हणाली, "गार्गी, हे गाणं मला आता पाठ झालंय, पुढचं लाव." होकार आला तेव्हा आजार पुढे सरकला होता. उशीर झाला म्हणूनच ती गेली असं कुणी म्हटलं नाही, आणि उशिराचा काही संबंध नव्हता असंही कुणी म्हटलं नाही. इकडे परत आल्यावर पोळ्या लाटताना ती कधीकधी ती चाल गुणगुणायची. हेमचंद्र म्हणायचे, दुसरं काही म्हण. ती म्हणायची, "का? चाल चांगली आहे हो."

पानं मांडली. खीर, वडे, टेक्का मार्केटातून आणलेल्या अळूची भाजी, आमसुलाची चटणी. नैवेद्याच्या वेळी गार्गी फोनवर यायची होती. अवनीने टीव्हीला फोन जोडला आणि भिंतीवर गार्गी दिसली. तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मागे पुठ्ठ्याची खोकी, पाट्या आणि कागदी कपांचा ढीग होता. डोळ्यांखाली काळं झालं होतं. आईच्या फोटोला तिने तिथूनच हात जोडले.

"वडे पसरले का गं?" मग तिने विचारलं.

"पसरले," राधिका म्हणाली. "आई काय घालायच्या?"

"मलाही माहीत नाही." दोघी हसल्या, आणि दोघींनी डोळे पुसले.

विवेकने हेमचंद्रांच्या गुडघ्याला हात लावला. हेमचंद्रांनी घसा साफ केला.

"गार्गी, आज दिवसभर काय केलंस?" त्यांना विचारायचं होतं एक, आणि विचारलं भलतंच.

"दारं वाजवली, बाबा. आज मिसेस डोरोथी माझ्याबरोबर होत्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत. गुडघा धड नाही, प्रत्येक पायरीवर थांबतात. म्हटलं, तुम्ही गाडीत बसा. तर म्हणाल्या, मी बसले तर माझ्या गल्लीत कोण बोलणार? आणि एका घरात एक माणूस भेटला, शाळेची बस चालवतो. त्याने जाहिरात बघितली होती. म्हणाला, तुमचा तो परदेशी भाऊ, त्याने किती दिले? म्हटलं, एकशे एक. तो म्हणाला, वरचा एक कशाला?"

"मग?"

"मग भाऊबीज समजावून सांगितली. दारात उभं राहून! तो ऐकत होता. नंतर म्हणाला, माझ्या बायकोच्या वेळी मी फोन धरून बसलो होतो. आणि त्याने ती चाल गुणगुणून दाखवली, बाबा. तीच. आईची."

जगाच्या पलीकडच्या टोकाला एक अनोळखी बसवाला विनीताचं गाणं म्हणत होता.

"बाबा, काहीतरी आहे," गार्गी म्हणाली. "काका असे ताठ बसलेत म्हणजे काहीतरी आहे."

हेमचंद्रांनी मग सरळ सांगितलं. त्यांना फिरवून बोलता येत नव्हतं. "तुझ्या काकाकडे एक निरोप आलाय. मी तो सांगतो. तू काय करायचंस ते नाही सांगत." आणि त्यांनी अनीशचं बोलणं होतं तसं सांगितलं.

गार्गी ऐकत गेली तसतशी तिची मान पुढे येत गेली. ती चिडेल असं सगळ्यांना वाटलं. पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं.

"योग्य वेळेत," ती हळू म्हणाली. "काका, अगदी हेच शब्द? हे शब्द घेऊन एक माणूस मार्चमध्ये माझ्या ऑफिसात आला होता. मी नाही म्हटलं. मग तो कुशलच्या साहेबांकडे गेला." कुशल तिचा नवरा. "तिथेही नाही झालं. आणि आता ते सिंगापूरला आले. फिश सूप खायला."

विवेकचा चेहरा उतरला. "मला अनीश मित्र म्हणून..."

"तुम्हाला दोष नाही देत, काका. मी फक्त बघतेय, केवढे आहेत ते." तिने हात पसरले, जणू मोजमाप दाखवायला, आणि मोजमाप पुरेना. "माझ्या मतदारसंघाचं नाव शेजारच्या राज्यात कुणाला माहीत नाही. त्यासाठी ते अर्धी पृथ्वी फिरून आईच्या श्राद्धाच्या पानापर्यंत आले."

हेमचंद्रांनी पानाकडे पाहिलं. खीर, वडा, चटणी. त्यांनी समुद्रावरची मोठमोठी जहाजं आतून पाहिली होती, इंजिनाच्या पोटात उभं राहून. पण इतकं मोठं आणि इतक्या निमूटपणे घरात शिरणारं त्यांनी काही पाहिलं नव्हतं. कुणी दार वाजवलं नव्हतं. कुणी आवाज चढवला नव्हता. आलं ते घरच्याच माणसाच्या तोंडून, मायेच्या शब्दांत.

"आणि एक कळलं," गार्गी हसली. "हरणाऱ्या माणसासाठी कुणी एवढा प्रवास करत नाही."

मग ती हसायची थांबली. "पण दादा."

तन्मयने वर पाहिलं नाही.

"तुला घरी बसवलंय, हे मला राधिकाने सांगितलं. तू नाही सांगितलंस. माझ्यावर काहीही बोलू देत, मला सवय झाली. पण तुझा चेहरा रोज दाखवतात. रोज, दादा. तुझ्यासाठी मी तो शब्द बदलते. उद्या सकाळी एक भाषण आहे, तिथे बदलते. खरंच. तू फक्त हो म्हण."

मीनलने सुटल्यासारखा श्वास सोडला. विवेक पुढे सरकला. राधिका नवऱ्याकडे बघत होती. अर्ध्या तासापूर्वी याच तन्मयने बाबांना गळ घातली होती.

"नाही," तन्मय म्हणाला.

"अरे, ती स्वतःहून म्हणतेय..." मीनल म्हणाली.

"नाही, काकू." तो उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला, जसा लहानपणी कार्टून बघायला जायचा आणि विनीता ओरडायची. "मी तुला एकशे एक दिले. ते तुझ्या लोकांनी परत पाठवले. भावाची ओवाळणी परत आली, ते मी गिळलं. आता त्या ओवाळणीपायी तू आईचा तो 'एक दिवस' देऊन टाकणार? मग मी तुला दिलं काय? उलट घेतलंच की."

"तुझी नोकरी, दादा..."

"नोकरीचं मी बघतो. फोटो राहू दे. निदान केस तरी नीट आहेत त्यात."

"नॉट रियली," अवनी म्हणाली, आणि रडत असलेली गार्गी एकदम हसली.

इतका वेळ सगळे हेमचंद्रांच्या तोंडाकडे बघत होते, आणि आता कुणीच बघत नव्हतं. ही दोन पोरं त्यांचीच होती. एकीने भावासाठी सगळं सोडायला हात उघडला आणि दुसऱ्याने तो हात तसाच मिटवला, आणि मध्ये चाळीस लाख डॉलर तसेच उभे राहिले, कुणाच्याच उपयोगाचे नसल्यासारखे. हे यांना शिकवलं कुणी? मी तर तुआसला होतो, त्यांना वाटलं. मी सकाळी जायचो आणि ही झोपल्यावर यायचो.

"जेवून घ्या," गार्गी म्हणाली. "खीर गार होतेय. मी झोपते."

विवेक जेवला. निघताना चपला घालत त्याने एवढंच म्हटलं, "अण्णा, मला खरंच वाटलं, मी मदत करतोय."

"मलाही वाटलं होतं," हेमचंद्र म्हणाले.

* * *

निकाल लागायचा तेव्हा तिकडे मंगळवारची रात्र होती, आणि इकडे बुधवारची सकाळ. शेवटचे नऊ दिवस जाहिरात थांबली नव्हती; उलट वाढली होती. मिसेस डोरोथींच्या घरच्या टपालपेटीत एकाच दिवशी तन्मयच्या फोटोची तीन पत्रकं पडली. त्यांनी त्यातलं एक फ्रिजवर लावून ठेवलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला 'हा गार्गीचा भाऊ' म्हणून दाखवतात, असं गार्गीने कळवलं होतं.

तन्मय घरीच होता. ऑफिसने अजून बोलावलं नव्हतं. अवनीने शाळेला दांडी मारली होती, आणि राधिका स्वतः शिक्षिका असूनही त्यावर काही म्हणाली नाही. नऊच्या सुमाराला बेल वाजली. दारात विवेक आणि मीनल, विवेकच्या एका हातात नारळाचा जॅम लावलेल्या काया टोस्टचा पुडा आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधलेली कोपी, इथली कॉफी. शर्ट इस्त्रीचा नव्हता.

"अनीशचा फोन आला होता," तो बसता बसता म्हणाला. "म्हटलं, यापुढे फिश सूप मी एकटाच खाईन."

आकडे येऊ लागले. आधी गार्गी पुढे होती. मीनलने विनीताच्या फोटोपुढचा दिवा सरळ केला. मग अंतर कमी झालं. मग एका मोठ्या उपनगराची पेटी उघडली आणि गार्गी मागे गेली, आणि मागेच राहिली. साडेदहाला टीव्हीवरच्या माणसाने दुसरं नाव घेतलं. अकराशे मतांचा फरक.

कोपीच्या पिशव्या गार झाल्या.

"चाळीस लाख," विवेक म्हणाला. "एवढ्याशा फरकाला."

हेमचंद्र मात्र दुसरा आकडा बघत होते. गार्गीच्या नावासमोरचा. अठ्ठावीस हजार आणि वर काही. ते उठून बाल्कनीत गेले. समोर ब्लॉकमागे ब्लॉक उभे होते, खिडक्यांवर बांबूला वाळत घातलेले कपडे, आत पंखे. या सगळ्या खिडक्यांमागे मिळून किती माणसं असतील? त्यांनी नजरेने एक ब्लॉक, दुसरा, तिसरा असं करत पाहिलं. एवढ्या माणसांनी, जी विनीताला कधी भेटली नाहीत, रोज ती जाहिरात बघितली, आणि तरी घरातून निघून, रांगेत उभं राहून, तिच्या लेकीच्या नावापुढे खूण केली. कुणी त्यांना फिश सूप दिलं नव्हतं. हेमचंद्रांनी कठडा घट्ट धरला.

"बाबा, गार्गी!" राधिकाने हाक मारली.

भिंतीवर गार्गी होती. आवाज पार बसलेला. मागे तीच खोकी, आणि बरीच माणसं. कुणी डोळे पुसत होतं, कुणी पाट्या गुंडाळत होतं.

"हरले," ती म्हणाली.

"बघितलं," हेमचंद्र म्हणाले. "अठ्ठावीस हजार माणसं, गार्गी."

"हो." तिने ओठ मिटले. "मी प्रत्येकाला भेटले नाही, बाबा. तरी आले."

मग ती तन्मयकडे वळली. "दादा, आता मी उमेदवार नाही. आता मी कुणीच नाही."

"असं म्हणू नकोस."

"अरे, ऐक तर. उमेदवाराला तू द्यायचे नाहीस, असा कायदा आहे. बहिणीला द्यायला कायद्याची हरकत नाही. माझे परत आलेले पैसे तुझ्याकडेच आहेत ना? आईचं वर्षही झालं. माझी गेल्या दिवाळीची ओवाळणी राहिलीय."

तन्मयने फोन काढला. "शंभर..."

"एकशे एक. त्या वरच्या एकामुळेच सापडलास, आता तो सोडू नकोस."

"आणि ओवाळल्याशिवाय ओवाळणी?" मीनल म्हणाली. "असं नाही चालत. गार्गी, दिवा आहे का तिथे काही?"

तिकडे गडबड उडाली. कुणीतरी खोक्यात शोधलं. शेवटी एक पांढऱ्या केसांच्या बाई काठी टेकत पुढे आल्या आणि त्यांनी आपल्या फोनचा उजेड लावून गार्गीच्या हातात दिला. गार्गीने तो एका कागदी ताटलीत ठेवला.

"तन्मय," हेमचंद्र म्हणाले. हे एवढं त्यांना माहीत होतं. "डोक्यावर काहीतरी घे."

राधिकाने खांद्यावरचा कोरडा नॅपकिन दिला. तन्मयने तो डोक्यावर ठेवला आणि टीव्हीसमोर मांडी घालून मान खाली केली. गार्गीने ताटली उचलली आणि ती हळूहळू फिरवू लागली. तिच्या मागची माणसं, ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, एकेक करून हातातल्या पाट्या खाली ठेवून गप्प उभी राहिली.